पहाटे साडेचारला सायकल काढायची, तर पोटात काय हवं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आजवर पन्नास-साठ किलोमीटरच्या राईड चहा आणि दोन मारी बिस्किटांवर निभावल्यात. आता ग्रुपबरोबर पहिल्यांदाच कात्रजहून पाचगणी, म्हणजे शंभरच्या घरात. पहाटे साडेचारला निघायचं आहे आणि तुमचं वजन ६२ किलो. घरचे म्हणतात भरपेट खा, एक मित्र म्हणतो उपाशी गेलात तर चरबी जळते, दुसरा म्हणतो तीन दिवस आधीपासून नुसता भात खा.

आधी उपाशी जाण्याबद्दल, कारण त्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. काही वर्षांपूर्वी याच रस्त्याला मी नुसत्या चहावर निघाले होते. शिरवळला नाश्ता करू असं ठरलं होतं, पण ग्रुप वेगात होता, थांबलाच नाही आणि मीही बोलले नाही. खंबाटकी घाट चढले, वाईपर्यंत पोचले, सगळं ठीक वाटत होतं. पसरणी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर एकदम हातपाय गळाले. घाम गार पडला, कानात दडे बसले. खिशातली चिक्की काढली तर तिचं प्लास्टिक फाडायला बोटं चालेनात, इतकी थरथरत होती. टपरीवरच्या एका मावशींनी बसवून गुळाचा खडा आणि पाणी दिलं. माणसात यायला वीस मिनिटं लागली.

पायांत ताकद असून असं का होतं? स्नायूंमध्ये चारएकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, असतं, पण ते त्या स्नायूंनीच वापरायचं, रक्तात परत येत नाही. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. त्याचा साठा जेमतेम शंभर ग्रॅम, आणि तुम्ही झोपलेले असताना मेंदू त्यावरच चालतो. म्हणजे पहाटे उठता तेव्हा पाय भरलेले असतात आणि यकृत बरंच रिकामं झालेलं असतं. पहाटेचं खाणं असतं ते हे भरायला. तासा-दीड तासाच्या सावकाश राईडला उपाशी गेलं तर चालतं. तुमची ही राईड पाच-सहा तासांची आहे आणि सर्वांत मोठा चढ शेवटी आहे. दोन मारी बिस्किटांतून जेमतेम आठ-दहा ग्रॅम कर्बोदकं मिळतात, त्यावर पसरणी चढत नाही.

आता नेमकं काय खायचं. साधा हिशेब असा की निघायच्या एक तास आधी खाणार असाल तर वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम कर्बोदकं, दोन तास आधी असेल तर दोन ग्रॅम. अडीच वाजता कोणी उठत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी साडेतीन वाजता साठएक ग्रॅम धरा. कच्च्या तांदळात वजनाच्या पाऊण भागाहून थोडी जास्तच कर्बोदकं असतात, म्हणजे ७५ ते ८० ग्रॅम तांदूळ पुरतात. एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या, मग वाटीचा अंदाज कायमचा बसतो.

माझा स्वतःचा ठरलेला पदार्थ म्हणजे मऊ भात आणि मेतकूट. रात्री तांदूळ धुऊन, चौपट पाणी घालून कुकरमध्ये तयार ठेवते. सव्वातीनला उठलं की फक्त गॅस पेटवायचा. आंबेमोहर किंवा इंद्रायणी असेल तर छान मऊ गुरगुट्या होतो. त्यावर चमचाभर तूप, मीठ आणि मेतकूट. तूप चमचाभरच, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. हा भात पहाटे घशाखाली उतरतो, ही त्याची मोठी गोष्ट. त्या वेळी भूक नसते, चावायचा कंटाळा येतो आणि कोरडं काही जात नाही. आजारपणात आपल्याला जे पचतं तेच साडेतीन वाजताही पचतं.

भात नको असेल तर कमी तेलातले, शेंगदाणे न घातलेले पोहे चालतील. गूळ घातलेली रव्याची पातळ खीरही चालेल. साबुदाणा खिचडी मात्र त्या दिवशी नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याचा त्रास नाही. पण सोबतचं दाण्याचं कूट आणि तूप पोटात दगडासारखं बसतं. घरचे भरपेट म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पराठा किंवा थालीपीठ-लोणी असणार. त्यांची काळजी खरी आहे, फक्त ते ताट पाचगणीहून परतल्यावर वाढायला सांगा.

चहा-कॉफी सोडू नका. सवय असेल तर कॅफिनचा फायदाच होतो आणि पोटही वेळेवर साफ होतं. निघायच्या पाच-दहा मिनिटं आधी एक केळं खा. अर्धा-पाऊण तास आधी नुसतं गोड खाल्लं तर काहींना सुरुवातीला गळल्यासारखं होतं, म्हणून ते अगदी निघतानाच.

तीन दिवस भात खायची गरज नाही, ते शर्यतीत जीव तोडून पळणाऱ्यांसाठी. आदल्या दिवशी दोन्ही वेळा भात थोडा वाढवा आणि रात्रीचं जेवण आठच्या आत आटपा. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळी. शनिवार रात्र असते म्हणून बाहेर पनीरची ग्रेव्ही, छोले किंवा मटण झालं, की रविवारी पहाटे सगळा ग्रुप पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह शोधत थांबतो. कडधान्यांची उसळही त्या रात्री नको, एरवी रोज खा.

आणि सायकलवर बसल्यावर पहिल्या पाऊण तासातच खायला सुरुवात करा, भूक लागायची वाट न बघता. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसएक ग्रॅम मिळतात. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटाही चांगला. मी गूळपोळीचे चार तुकडे करून जर्सीच्या खिशात ठेवते. वेष्टणाचं तोंड घरूनच फाडून ठेवा. एका बाटलीत लिंबू सरबत: अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ. ओआरएसवर विसंबून खाणं टाळू नका. प्रमाणित पुडीच्या एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते पाणी आणि क्षार भरून काढायला उत्तम, पण त्यातून ताकद फारशी मिळत नाही.

वाईत सगळे मिसळीला थांबतील. तुम्ही थांबा, बसा, पण इडली किंवा केळं घ्या. वाईच्या बाहेर पडताच घाट लागतो, बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. तर्री पोटात घेऊन तो चढणं फार त्रासाचं होतं. मिसळ वर पाचगणीत मिळते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वरचे आकडे तसेच उचलू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

येत्या रविवारच्या साठ किलोमीटरला हाच भात साडेतीनला खाऊन बघा. जड वाटला तर तांदूळ दोन चमचे कमी करून निघताना एक केळं जास्त घ्या. आणि शिरवळला ग्रुप थांबला नाही, तर तुम्ही थांबा. दोन मिनिटांत खाऊन होतं, पुढे सगळे खंबाटकीच्या पायथ्याशी भेटतातच.