राष्ट्राध्यक्ष होण्याआधी अब्राहम लिंकन नेमके काय करत होते?

वकिली आणि आमदारकी, दोन्ही इलिनॉयमध्ये. तेव्हा तो अमेरिकेचा सरहद्दीचा, नव्याने वसत असलेला मुलुख होता. १८३२ ची पहिली निवडणूक ते हरले, १८३४ मध्ये जिंकले आणि पुढे सलग चार वेळा राज्याच्या विधानसभेत बसले. शाळा जेमतेम वर्षभराची. सहकारी आमदार जॉन स्टुअर्ट यांच्याकडून कायद्याची पुस्तकं आणून घरीच अभ्यास केला आणि १८३६ मध्ये सनद मिळवली. राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवण्यात सँगमन काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) ज्या नऊ उंच्यापुऱ्या लोकप्रतिनिधींचा हात होता, त्यांत हेही होते. मग स्वतःही तिथेच वकिली थाटली!

खरी मजा फिरत्या कोर्टात. वर्षातून दोनदा न्यायाधीश आणि वकिलांचा तांडा घोड्यांवरून, बग्ग्यांतून गावोगाव फिरायचा आणि खानावळीत एकाच बिछान्यावर दोघे-दोघे झोपायचे. खटले बहुतेक उधारी-उसनवारीचे. पण १८५८ चा खुनाचा खटला गाजला. साक्षीदार म्हणाला, चंद्रप्रकाशात सगळं दिसलं. लिंकननी पंचांग काढून दाखवलं, त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. तो जुन्या स्नेह्यांचा मुलगा, म्हणून फीसुद्धा घेतली नाही.