वाचक विचारतात : ऋतू बदलताना परवडणारी फ्रेंच वाईन

मार्चपासून उकाडा वाढतो. मासळीच्या जेवणाबरोबर चालेल अशी स्वस्तातली फ्रेंच वाईन कोणती? – वाचक, म्हापसा

लेबलावर ‘म्यूस्काडे’ किंवा ‘पिकपूल द पिने’ शोधा. दोन्ही पांढऱ्या, ड्राय (म्हणजे गोडवा नसलेल्या), चांगल्या आंबटसर. पिकपूल दक्षिण फ्रान्समध्ये थो या खाऱ्या तलावालगत होते, तिथे कालवं वाढवतात आणि तिच्याबरोबरच खातात. त्यामुळे तिसऱ्यांचं सुकं किंवा रवा लावून तळलेली सुंगटं यांच्याशी तिचं छान जमतं. म्यूस्काडेवर ‘सुर ली’ लिहिलेलं असेल तर तीच घ्या. ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवलेली असते, म्हणून चव भरीव लागते. या वाईन जुन्या करायच्या नसतात, लेबलावरचं साल ताजं बघा. हुमण झणझणीत असेल तर मात्र किंचित गोड ‘व्हूव्रे दमी-सेक’ बरी. ड्राय वाईनने तिखट शमत नाही.

बाटली घाईत गार करायची तर नुसता बर्फ पुरत नाही, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

हिवाळ्यात शागुतीबरोबर रेड वाईन घेतो, पण ती जड आणि उग्र लागते. – वाचक, फोंडा

बहुतेक वेळा दोष वाईनचा नसतो, तापमानाचा असतो. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्या खोलीत डिसेंबरातही दुपारी पारा तिशीकडे असतो, आणि तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल नाकात जातं, फळांचा वास मागे पडतो. ‘कोत द्यू रोन’ घ्या आणि दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. ‘बोजोले’ त्याहून हलकी, ती १२ ते १४ अंशांवर खुलते. तिला दोन-अडीच तास द्या. शागुतीबरोबर तुरट बोर्दो टाळा, तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे मिरचीची जळजळ वाढते.

पावसाळ्यासाठी घेतलेली बाटली उघडली, तर बूच वर आलेलं आणि चव शिजलेल्या फळासारखी. असं का? – वाचक, मडगाव

ती कुठेतरी तापली होती. उष्णतेने वाईन फुगते, बूच वर ढकलते आणि मग हवा आत शिरते. घेतानाच टोपणाखाली चिकट ओघळ आहे का ते पाहा, आणि काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडलेली बाटली सोडा. मे महिन्यात बाटली गाडीत ठेवून बाजार फिरू नका. घरी फ्रिजच्या डोक्यावर तर मुळीच नको, तिथे गरम हवा असते. खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, काही महिने सहज टिकते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताटात सुका बांगडा आणि नीरफणसाच्या कापा येतात. तेव्हा ‘क्रेमाँ द लिमू’ उघडून बघा. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, किंमत मात्र बरीच कमी. तळणाचा तेलकटपणा तिच्या बुडबुड्यांनी लगेच उतरतो.