वणवा, वनवा आणि ‘वणव्याची हवा’

गोंदिया जिल्ह्यातील एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. शब्द ‘वन’वरून आला असेल, तर प्रमाण मराठीत ‘वणवा’ आणि त्यांच्या गावात ‘वनवा’ असे का? आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींच्या वेळी बातम्यांत आलेल्या ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ला मराठीत काय म्हणावे?

वणवा म्हणजे मुळात ‘वनदव’. दावानलातला ‘दाव’ ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातला हा ‘दव’, म्हणजे रानातली आग. पहाटे गवतावर पडते ते दव निराळे, जुन्या लेखनात त्यावर अनुस्वार देऊन ‘दंव’ लिहीत. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला, ‘पानीय’चे जसे ‘पाणी’ झाले, तसा ‘वणदव’ होऊन पुढे ‘वणवा’ उरला. गोंदियाकडच्या झाडीबोलीत आणि वऱ्हाडीत ‘ण’ पुन्हा ‘न’ होतो, म्हणून तिथे पानी, लोनी आणि वनवा. त्यामुळे ‘वनवा’ला चूक म्हणू नये, मात्र त्यातला ‘न’ संस्कृतातून जसाच्या तसा टिकलेला नाही, तो फिरून आलेला आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेची हवामानसेवा हा इशारा आग लागल्यावर नव्हे, तर जोराचा वारा आणि अतिशय कोरडी हवा एकत्र आल्यामुळे, आग लागलीच तर ती आवरणार नाही असे दिसताच देते. ‘लाल बावटा’ म्हटले की मराठी माणसाला कामगार चळवळ आठवते आणि ‘रेड अलर्ट’ आपल्याकडे पावसाला व उष्णतेच्या लाटेला आधीच लागलेला आहे. ‘अग्निहवामान’ हा शब्द कागदावरच राहील. मी ‘वणव्याची हवा’ असे सुचवतो. ‘हवा’ या एकाच शब्दात वातावरणही येते आणि त्याचा कोरडेपणाही येतो, आणि विदर्भात तर वारा सुटला तरी ‘हवा सुटली’ असेच म्हणतात. म्हणजे इशाऱ्यामागची दोन्ही कारणे या शब्दात आपोआप सामावतात.

ही हवा आपल्या लोकांच्या ओळखीची आहे. एप्रिलमध्ये सागाच्या रानात खाली पडलेले पान सकाळी उचलावे, तर ते थोडे वाकते. तेच दुपारी मुठीत धरले की चुरा होतो, कारण वाळलेला पाला हवेतला ओलावा घेतो आणि हवा कोरडी झाली की तितक्याच लवकर सोडून देतो. त्यात वारा आला की ज्वाळा पुढच्या पाल्यावर ओणवी होते, तो पेटण्याआधीच भाजून निघतो, आणि उडालेले किटाळ वनविभागाने आखलेली जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा, ओलांडून पलीकडे पडते. (किटाळ म्हणजे ठिणगी, आळ या अर्थाने तो शब्द आपण वापरतो, पण हा मूळ अर्थ विसरत चाललो आहोत, याची मला खंत वाटते.) मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारा, किंवा पेरणीपूर्वी वावराचे धुरे, म्हणजे बांध, जाळणारा माणूस रान जाळायला निघालेला नसतो, त्या दिवशीची हवा कशी आहे, एवढेच त्याला वेळेवर कळायला हवे असते.

म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी असे लिहीन: ‘आज दुपारपासून वणव्याची हवा आहे. धुरे आणि मोहाखालचा पाला पेटवू नये.’ आणि गोंदियातल्या फळ्यावर कुणी ते ‘वनव्याची हवा’ असे लिहिले, तर ते मी खोडणार नाही.