सील लागत नाही म्हणतेस, त्याविषयी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल संध्याकाळी दोनदा वाचलं. सहा आठवडे झाले, पिपेटचं टोक पेशीच्या आवरणाला घट्ट चिकटून बसेल असं एकही धड सील लागत नाही, आणि आता पॅच क्लॅम्प, म्हणजे त्या पिपेटनं पेशीतला बारीकसा विद्युत्‌ प्रवाह मोजणं, सोडून नुसत्या गणिती मॉडेलिंगकडे वळायचं म्हणतेस. वळायला माझी हरकत नाही. वैतागून मात्र वळू नकोस.

आधी सीलचं बघू. एकच पिपेट दोन-तीन पेशींवर लावून बघतेस, असं तुझ्या एका ओळीवरून वाटलं. तसं असेल तर अर्धं दुखणं तिथंच आहे. काचेचं ते टोक जेमतेम मायक्रॉनभर. पेशीला एकदा टेकलं की खराब झालंच समज. एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये ग्योटिंगेनला बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनलचा, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या आयनांच्या वाटेचा, प्रवाह नोंदवला, तेव्हा त्यांच्या सीलचा विद्युत्‌ रोधही मेगाओहमांतच होता. त्याच्या हजारपट, म्हणजे गिगाओहम, गाठायला आणखी चारेक वर्षं गेली. दर वेळी नवं, टोक आगीवर गुळगुळीत केलेलं पिपेट आणि हलकीशी ओढ, एवढ्यानं ते जमलं. द्रवात शिरताना नळीतून बारीक फुंकर चालू ठेव. पेशीवर खळगा दिसला की फुंकर सोड आणि अगदी अलगद आत ओढ. पडद्यावरची चौकोनी पायरी बसत बसत सपाट रेघ होते. ती रेघ पहिल्यांदा बघशील तेव्हा मला नक्की कळव.

आता यापेक्षा मोठी गोष्ट. सुरुवातीच्या वर्षी माझ्या नोंदींची बेसलाइन, म्हणजे तळाची रेघ, हळूहळू सरकायची. मी ते पेशीचंच वागणं समजलो, त्यावर आकृत्या काढल्या, चर्चासत्रात दाखवल्यासुद्धा. प्रत्यक्षात पिपेटमधल्या चांदीच्या तारेवरचा क्लोराइडचा थर खरवडून गेला होता. तार ब्लीचमध्ये काळसर होईपर्यंत बुडवून ठेवली आणि सरकणं थांबलं. दोन महिन्यांचं काम रद्द करावं लागलं. कच्च्या नोंदी मी नीट उघडून बघितल्याच नव्हत्या. सरासरी काढायची आणि पुढे जायचं, अशी घाई होती.

सरासरी फार फसवते गं. शंभर नोंदी एकत्र केल्या की प्रवाहाचा छान गुळगुळीत वक्र मिळतो. एकेक नोंद उघड, तिथे वक्र नसतोच. चॅनल एक तर बंद, नाहीतर उघडं. काही पिकोअँपिअरची उडी, थोडा वेळ पठार, पुन्हा खाली. किती चॅनल एका वेळी उघडी होती, तेवढंच वक्र सांगतो.

चेतातंतूतल्या विद्युत्‌ संकेताचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांच्या हाती मात्र फक्त वक्रच होता, माकुळीच्या अर्धा-एक मिलिमीटर जाड चेतातंतूवरचा. तू मॉडेलिंगचं म्हणतेस म्हणून सांगतो, ते मॉडेलही हातानंच घडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हातानं फिरवायच्या गणनयंत्रावर तीन आठवडे बसून समीकरणं सोडवली. पोटॅशियमचा वक्र बसवायला त्यांना चौथा घात घ्यावा लागला, म्हणजे चार कण एकदम योग्य जागी आले तरच वाट उघडते, असं मानावं लागलं. समीकरण बसलं म्हणून यंत्रणा सिद्ध झाली असं नाही, हेही त्यांनी १९५२ च्या त्याच लेखात स्पष्ट लिहिलं. १९९८ मध्ये रॉडरिक मॅककिनन यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची रचना दाखवली, तेव्हा खरोखरच चार सारखे तुकडे मधल्या वाटेभोवती उभे दिसले. इतकं जवळ पोहोचूनही जास्तीचा दावा न करणारी ती दोघं माणसं मला फार मोठी वाटतात.

डेनिस नोबल यांनी तीच समीकरणं १९६० मध्ये हृदयाच्या पुर्किंजे तंतूंसाठी वळवली. चेतातंतूतला विद्युत्‌ संकेत मिलीसेकंदात संपतो, हृदयाच्या स्नायूत तो दोन-तीनशे मिलीसेकंद टिकतो. तू ज्यावर काम करतेस ते हर्ग, हृदयातलं एक पोटॅशियम चॅनल, त्याला वेळेवर आवरतं. ते अडलं तर ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोक्यामागच्या त्या संकेताचा काळ, लांबतो आणि ठोक्याची लय जीवघेणी बिघडू शकते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं साधं औषध याच कारणानं १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आता नवं औषध माणसाला देण्याआधी हर्गवर तपासतात. तेव्हा तुझ्या पिपेटखालचा आकडा चुकला, तर त्यावर उभं केलेलं कुठलंही मॉडेल ते भरून काढणार नाही.

पुढचे पंधरा दिवस एका पेशीला एकच पिपेट. रोज सकाळी तार बघ. फसलेल्या नोंदी पुसू नकोस, तारखेनिशी ठेव आणि त्यातल्या दहा, फिल्टर न लावलेल्या, मला पाठव. रविवारी सकाळी दहानंतर फोन कर, आपण एकेक उघडून बघू.

तुझा,
सर