एकच काही धरायचं का?

प्रश्न : नातू डावखुरा. कधी वेगात टाकतो, कधी फिरकी. शिकवणारे म्हणतात, एकच धर. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू गॅरी सोबर्स खरंच सगळं टाकायचे?
– एक आजोबा, वेंगुर्ले

उत्तर : टाकायचे तर! नवा चेंडू वेगात, जुना झाला की फिरकी, तीही बोटांची नि मनगटाची. गंमत म्हणजे १९५४ साली बार्बाडोसचा हा सतरा वर्षांचा पोरगा कसोटीत आला तो गोलंदाज म्हणून, फलंदाजीला नववा! चारच वर्षांनी किंग्स्टनला नाबाद ३६५. अखेर ९३ कसोट्यांत ८०३२ धावा, २३५ बळी.

आमच्या मालवणच्या पुळणीवर ओहोटीला ओल्या वाळूत टेनिसचा चेंडू नुसता सरपटतो. मी तिथे फिरकी टाकून बराच मार खाल्लाय. नातवाला तूर्त सगळं टाकू द्या. फक्त वाळूऐवजी मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर न्या.