तलावातले गवत आणि जाळ्यातली मासळी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या मच्छिमार संस्थेकडे एक मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळचा) तलाव आहे. तीन वर्षांत पाण्याखालचे गवत इतके माजले आहे की ओढजाळे चालत नाही. गवत्या मासा सोडला तर प्रश्न सुटेल का? (संस्थेचे सचिव, भंडारा जिल्हा)

उत्तर : आधी गवत हातात घेऊन पाहावे. प्रत्येक पेरावर चार ते आठ बारीक पानांचे कडे असेल आणि काडी चटकन मोडत असेल, तर ते बहुधा हायड्रिला आहे. याच गवतावर ओढजाळ्याचा वजने लावलेला खालचा दोर चढतो आणि तळाशी राहणारा मृगळ त्याखालून निसटतो. मासळी असूनही हाती लागत नाही, ती अशी. हे गवत डोंग्याच्या वल्ह्याने किंवा विळ्याने तोडून पाण्यातच टाकू नये, कारण प्रत्येक तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो. तोडलेले गवत काठावर, पावसाचे पाणी ते पुन्हा तलावात आणणार नाही इतक्या अंतरावर टाकावे.

गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, 1959 मध्ये भारतात आणला गेला, आणि हायड्रिलासारखे मऊ गवत तो आवडीने खातो. मात्र बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) लहान सोडली तर मरळ हा शिकारी मासा ती फस्त करतो. म्हणून थोडे वाढलेले बीज घ्यावे. तलावाच्या साचलेल्या पाण्यात तो सहसा वीण करत नाही, त्यामुळे त्याची संख्या आपल्या हातात राहते. परंतु तो खाल्लेल्या गवताचा मोठा भाग अर्धवट पचवूनच टाकतो आणि त्या खतावर शेवाळ पोसले जाते. गवत्याची संख्या जास्त झाली की गवत जाते आणि पाणी हिरवेगार होते. एक दुखणे जाऊन दुसरे येते.

माझा आग्रह असा की सगळे गवत काढूच नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला कित्येक देशी मासे काठच्या उथळ पाण्यातल्या वनस्पतींतच अंडी घालतात आणि पिल्ले तिथेच लपतात. म्हणून उन्हाळ्यात, पाणी उतरलेले असताना, जाळे ओढण्यापुरते मधले पट्टे मोकळे करावेत आणि काठचा देशी वनस्पतींचा पट्टा राखावा. आपल्याच भागात, भंडारा-गोंदियात, ढिवर समाजातील स्त्रियांनी बेशरमाची झुडपे उपटून, तलावाचा कोरडा भाग नांगरून देशी पाणवनस्पती मुद्दाम लावल्या आहेत. हे काम आपल्या सदस्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

प्रश्न : ढगाळ हवामानाच्या दोन दिवसांनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते, सकाळी काही कटले मेले. कोणी विष टाकले असेल का? (मत्स्यशेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : विषाचा संशय घेण्यापूर्वी पाण्याचा रंग पाहावा. दाट हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळचा गाळ मिळून तो वापरतात. ढगाळ दिवशी भर पडत नाही, खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून सूर्योदयाच्या आधी तुटवडा सर्वांत जास्त असतो. 30 अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून साधारण साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो. तो दोन-तीनच्या खाली गेला की कटल्यासारखे कार्प मासे धापा टाकू लागतात.

घरच्या घरी परीक्षा अशी : सकाळी उन्हात हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला, आणि पाणी गढूळ नसून हिरवे असेल, तर शेवाळ अति झाले आहे. त्या दिवसापासून खाद्य आणि शेणखत बंद करावे, आणि पहाटे इंजिनाने पाणी उचलून उंचावरून परत पाडावे. अशा वेळी अनेकजण सवयीने चुना टाकतात. हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी आधीच चढलेला असतो, चुन्याने तो आणखी वाढतो आणि अमोनियाचे घातक रूप बळावते.

प्रश्न : जलपर्णीवर फवारणी करून द्यायला एक ठेकेदार तयार आहे. करू द्यावी का? (सरपंच, पुणे जिल्हा)

उत्तर : करू देऊ नये. मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि आपल्याजवळचे मासेच आधी मरतात. ती उपटून काढणे कष्टाचे आहे, पण फुलोऱ्याआधी काढावी, कारण तिचे बी गाळात कित्येक वर्षे टिकते. तिचे पान खाणारे भुंगे 1980च्या दशकापासून बंगळूर परिसरात सोडले गेले आणि तिथे त्यांचा चांगला उपयोग झाला. मात्र त्यांना काही वर्षे द्यावी लागतात. गावाचे सांडपाणी तलावात येत असेल तर काढलेली जलपर्णी दरवर्षी परत येईल. तो नाला आधी बघावा.

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकतो. हिरव्या पाण्यातला मासा खावा का? त्याला चिखलाचा वास येतो. (हौशी गळकरी, इंदापूर)

उत्तर : तो वास प्रामुख्याने निळ्या-हिरव्या शेवाळातून येणाऱ्या पदार्थाचा असतो आणि माशाच्या चरबीत मुरतो. जिवंत मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तर वास कमी होतो. पाण्यावर हिरव्या रंगाची दाट साय तरंगत असेल तर तिथला मासा खाऊ नये, मेलेला तर मुळीच उचलू नये, आणि गुरांनाही त्या काठाला पाणी पाजू नये. इतर वेळी आतडी व काळीज काढून, मांस नीट धुऊन वापरावे. गळ टाकताना गवताच्या गर्दीत नव्हे, तिच्या कडेला टाकावा.