मालवणची पहिली डाइव्ह, दुखलेला कान आणि पुढचा कोर्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणला एकदा स्कूबा केलं, दोन-तीन मीटरवरच कान दुखला, तरी आवडलं. आता छंद म्हणून नीट शिकायचंय, तर कोर्स कोणता करावा आणि सामान काय घ्यावं?

आधी कानाचं बघू. पाण्याच्या वर दाब १ बार असतो, १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, पुढच्या १० मध्ये दीडपटच. म्हणून कान दुखतो तो बहुधा वरच्या चार-पाच मीटरमध्ये. पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. चूक होते ती वेळेची. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर दाबाने त्या नळीचं तोंड मिटून बसतं, मग कितीही फुंका, उघडत नाही. त्यातही जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. म्हणून बोटीवर एकदा, डोकं पाण्याखाली जाताच एकदा आणि मग दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधीच. पाय खाली ठेवून उतरा, एका हातात नांगराचा दोर आणि दुसरा हात नाकाशी. तरी दुखलंच तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करा. फोटोसाठी दोन्ही हात पसरून भराभर खाली नेलं जातं, तिथेच कान जातो.

कानाला अजून दडे बसल्यासारखे वाटत असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर कानात कोमट तेल अजिबात घालू नका, पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जाईल. सर्दीत डाइव्ह नको, गोळी घेऊनही नको. गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते.

आता कोर्स. तुम्ही केलीत ती अनुभव-डाइव्ह, तिच्यात तुमचं सिलिंडर आणि खोली दोन्ही प्रशिक्षकाच्या हातात असतात. ओपन वॉटर या पायाभूत कोर्सनंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यात तीन-चार दिवस लागतात: थोडा अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात ४ डाइव्ह. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमायला हवं. आरोग्याच्या फॉर्ममध्ये दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया लपवू नका. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. मुंबई-पुण्यातल्या तलावात सराव आटोपून समुद्रातल्या डाइव्हसाठी किनाऱ्यावर येण्याचीही सोय असते. कुठेही गेलात तरी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि प्रशिक्षकाचं चालू वर्षाचं कार्ड दाखवतात का.

एक नियम बाकी सगळ्यांच्या वर: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. भरलेल्या छातीने श्वास धरून जेमतेम एक-सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. आणि खुणांचं लक्षात ठेवा: वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’.

हवेचा हिशेब सोपा आहे. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की २,२०० लिटर हवा. नवखा माणूस वरती मिनिटाला साधारण २० लिटर घेतो, १० मीटरवर ४०. शेवटचे ५० बार राखून ठेवले तर हाती १,६५० लिटर, म्हणजे ४० मिनिटं. घाबरून धापा टाकल्या तर त्याची निम्मीही होतात.

तलावात बरोबर बुडणारा माणूस मालवणला तरंगतो, याने बरेच जण गोंधळतात. खारं पाणी अडीच टक्के जड असतं. सामानासकट तुमचं वजन १०० किलो असेल तर बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं अडीच किलो जास्त लागतं. शिवाय डाइव्ह संपेपर्यंत सिलिंडरमधली सुमारे दोन किलो हवा संपलेली असते, म्हणून वजन तपासायचं ते ५० बार उरलेले असताना. छाती निम्मी भरलेली ठेवून पाणी डोळ्यांच्या पातळीत आलं की जमलं.

दिवस निवडताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला पाणी निवळ असतं. त्यातही सकाळी जा, दुपारी वारा सुटतो. पावसाळ्यात बंदच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तरी लक्षद्वीपसारखं पाणी इथे मिळत नाही. पाच-सहा मीटर दिसलं तर दिवस चांगला समजा. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभं राहू नका, माशांना पावही टाकू नका.

खरेदी सध्या फक्त मास्कची. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेका, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. नव्या काचेवरचा थर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर थुंकी लावूनही धुकं धरत राहील. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) भाड्याने मिळतात. वीसेक डाइव्ह झाल्यावर काय हवं ते तुम्हालाच कळेल.

परतीचं आधीच ठरवा. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, रोज अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८. घाटही यात मोजायचा, हे बरेचदा सांगायचं राहून जातं. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी असतो आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. कोर्सची शेवटची डाइव्ह सकाळी उरका, रात्री मालवणलाच मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.